चेहऱ्याचा रंग : चित्रातला आणि वर्गातला

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सहशिक्षक, बी. ए., बी. एड., वडवणी, जि. बीड



मेळाव्यात शिक्षकाने शिस्तीवर, अभ्यासावर किंवा परीक्षेच्या तयारीवर बोलावे असा प्रघात आहे. मी आज कार्टूनवर बोलणार आहे. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत, त्या मला येथून दिसतात. परंतु विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या वर्गातील एका मुलाने मला दिला आहे, आणि त्याचे उत्तर देताना मी जे शिकलो तेच आपणापुढे ठेवावयाचे आहे.

हा मुलगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेला होता आणि पाडव्याच्या सुमारास परत आला. मुळातच सावळा. त्यात चार-पाच महिन्यांच्या उन्हाने चांगलाच रापलेला. वर्गात सहज गप्पा चालल्या होत्या, कोणाला कोणते कार्टून आवडते याच्या. एक म्हणाला डोरेमॉन, दुसरा म्हणाला छोटा भीम. हा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "सर, टॉम चिडला की त्याचं तोंड खालून वर लालभडक होत जातं. मी चिडलो तर माझं का होत नाही?"

वर्ग खो-खो हसला. मागच्या बाकावरून कोणी तरी त्याच्या रंगावरून एक शब्द टाकला. तो शब्द मी येथे उच्चारीत नाही, आपणा सर्वांना तो ठाऊक आहे. मुलगा खाली बसला. मी वर्गाला दटावले आणि धडा पुढे चालू केला. खरे सांगावयाचे तर त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. दटावणे सोपे असते, उत्तर देणे अवघड असते. म्हणून मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचावयास बसलो.

प्रथम शरीराचा भाग पाहू. आपल्या चेहऱ्याच्या कातडीखाली केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. राग आला किंवा लाज वाटली की त्या रुंदावतात, रक्त जास्त येते, चेहरा व कान तापतात. भय वाटले की याच्या उलट घडते. कातडीजवळच्या वाहिन्या आकसतात, शरीर ते रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंसाठी राखून ठेवते, कारण पळावयाचे किंवा लढावयाचे असते. म्हणून घाबरलेल्या माणसाचा चेहरा उतरतो. ही क्रिया गोऱ्यात होते, सावळ्यात होते आणि काळ्यातही होते. फरक इतकाच की गोऱ्या कातडीतून ती लांबून दिसते, आणि सावळ्या कातडीतील रंगद्रव्य तिच्यावर पडदा टाकते.

चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने 1872 साली माणसाच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने हिंदुस्थानासह अनेक देशांतील लोकांकडे प्रश्नांची यादी पाठविली होती. त्यातील एक प्रश्न असा होता की, कातडीच्या रंगामुळे दिसणे शक्य असेल तेथे, लाजेने चेहरा लाल होतो का? प्रश्नातली ती अट ध्यानात घ्या. दिसत नाही म्हणजे होत नाही, असे त्याने गृहीत धरले नव्हते. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलापेक्षा तो शहाणा होता, आणि त्या दिवशीच्या माझ्यापेक्षाही.

आता चित्राचा भाग. टॉम आणि जेरी ही जोडी 1940 साली अमेरिकेतील हॅना आणि बार्बेरा या दोघांनी पडद्यावर आणली. आपल्या देशात 1995 साली कार्टून दाखविणारी स्वतंत्र वाहिनी सुरू झाली आणि हळूहळू हे मांजर-उंदीर खेड्यापाड्यांतील घरांत शिरले. टॉमचा राग आपण पाहिला असेल. तापमापकातील पारा चढावा तसा लाल रंग मानेपासून कपाळापर्यंत चढतो, आणि मग कानांतून वाफ निघते. हे कसे करीत? त्या काळी पारदर्शक कचकड्याच्या तावांवर हाताने आकृती काढून मागच्या बाजूने रंग भरीत. एका सेकंदाला पडद्यावर चोवीस चौकटी सरकतात. लाल रंग वर चढवावयाचा तर तो प्रत्येक तावावर आधीपेक्षा थोडा वर भरावा लागे. म्हणजे टॉमच्या क्षणभराच्या रागामागे कोणा रंगाऱ्याची पुष्कळ शांत मेहनत असे.

एवढी खटपट कशासाठी? तर चित्रकाराला फार थोड्या वेळात सांगावयाचे असते. कादंबरीकार दोन पाने घेईल, नट एक मोठा संवाद घेईल. कार्टूनवाल्याला अर्धा सेकंद मिळतो, आणि समोर बसलेले मूल कदाचित चार वर्षांचे असते, त्याला भाषाही नीट येत नसते. रंग त्याला ताबडतोब कळतो.

परंतु रंगच हवा असेही नाही. वॉल्ट डिस्ने यांचे तीनरंगी पद्धतीचे पहिले कार्टून 1932 चे. त्यापूर्वीची कार्टून बहुतेक काळी-पांढरी असत आणि तरीही लोक हसत. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्यात काड्याच हलत. काडीला ना चेहरा, ना रंग, तरीही मौज! आणि आपले थोर हास्यचित्रकार शि. द. फडणीस पाहा. 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावरील त्यांचे एक चित्र पुष्कळांना आठवत असेल. बसची वाट पाहत एक तरुण आणि एक तरुणी उभी आहेत. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या बुशशर्टावर मांजरांची. दोघांच्या मनातले सगळे कपड्यांवर आले आहे. चित्राखाली शब्द नाही आणि त्याची गरजही नाही. याच फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढून आकड्यांना घाबरणाऱ्या मुलांना हसविले. शिक्षकाने त्यांचे ऋण विसरू नये.

आता मौजेची गोष्ट ऐका. कोणत्या भावनेला कोणता रंग, याबाबत जगात एकमत नाही. मी वर्गात फळ्यावर दोन उभे रकाने आखले. एकात मराठी, दुसऱ्यात मुलांच्या घरची बोली. मुलांना म्हटले, चेहऱ्याच्या रंगाचे शब्द सांगा. मराठीच्या रकान्यात आले : रागाने लालबुंद, भीतीने पांढराफटक, दुःखाने काळवंडला, धक्क्याने काळाठिक्कर पडला, थंडीने काळानिळा पडला. एका मुलीने 'गोरामोरा झाला' सांगितले तेव्हा मी तिला शाबासकी दिली. ओशाळलेल्या माणसासाठी याहून चांगला शब्द नाही, आणि तो गोऱ्या माणसापुरता राखून ठेवलेला नाही. आमच्या गावचा कोळशासारखा काळा माणूसही चारचौघांत खोटा ठरला की गोरामोरा होतो.

दुसऱ्या रकान्यात आले : चेहरा फक पडला, जर्द पडला, तोंडाचा रंग उडाला. मी त्यात एक भर घातली, 'सुर्खरू'. सुर्ख म्हणजे लाल आणि रू म्हणजे चेहरा. परंतु सुर्खरू म्हणजे रागावलेला नव्हे. सुर्खरू म्हणजे यशस्वी, ज्याची मान ताठ राहिली तो. पाहा, तोच लाल रंग एका रकान्यात संताप झाला आणि दुसऱ्यात सन्मान.

जपानी भाषेत माणूस भयाने निळा पडतो. म्हणून जपानी चित्रांत घाबरलेल्या पात्राच्या कपाळावर निळसर छटा किंवा उभ्या रेघा काढतात. इंग्रजीत मत्सराने माणूस हिरवा होतो, आपल्याकडे हिरवे होणे चांगलेच असते. आमच्या मुलांचा लाडका डोरेमॉन निळा का, हे मी मुलांनाच विचारले आणि त्यांनीच मला शिकविले. तो आधी पिवळा होता. त्याचे कान उंदरामुळे गेले आणि तो इतका रडला की अंगावरचा पिवळा रंग निघून निळा राहिला. 1995 च्या एका जपानी चित्रपटात ही कथा आहे. म्हणजे ज्या निळ्या बोक्याकडे पाहून आमची मुले हसतात, त्याचा निळेपणा हे एक जुने दुःख आहे. मुलांना हे माहीत असते. आपल्याला वाटते की ती नुसती टीव्हीपुढे बसली आहेत.

हे सारे परदेशातून आले असे मात्र समजू नका. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांपैकी एक 'वैवर्ण्य', म्हणजे चेहऱ्याचा रंग पालटणे. थंडी, राग, भय, श्रम, रोग, ताप ही त्याची कारणे. नटाने ते प्रयत्नपूर्वक करावे, कारण ते अवघड आहे, अशीही सूचना आहे. त्याच ग्रंथात 'मुखराग' चार प्रकारचा सांगितला आहे : स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. टॉमला लाल करणाऱ्यांनी भरतमुनींचे नाव ऐकले नसेल, परंतु दोघांनाही अडचण एकच होती. मन आत असते आणि प्रेक्षक बाहेर असतो.

येथे मला एक धोक्याची खूण दाखवावयाची आहे. आपल्या लोकनाट्यांत आणि सोंगांत चेहरा एकदा रंगविला की तो रात्रभर तसाच असतो. कोकणच्या दशावतारातील संकासुर काळाच येतो आणि काळाच जातो. तेथे रंग हा पात्राचा स्वभाव असतो. कार्टूनमध्ये रंग चढतो आणि उतरतो. टॉम लाल होतो आणि पुढच्याच क्षणी पुन्हा आपला करडा होतो. दुसऱ्या प्रकारात शिकवण अशी आहे की राग येतो आणि जातो, माणूस म्हणजे राग नव्हे. पहिल्या प्रकाराचा चुकीचा अर्थ काढला तर मात्र मूल शिकते की काळा म्हणजे वाईट. सोंगाचा दोष नाही, दोष आपल्या बोलण्याचा आहे. रंगपेटीतील फिकट गुलाबी खडूला आमची मुले 'स्किन कलर' म्हणतात. हा कोणाच्या कातडीचा रंग? माझ्या वर्गातील एकाही मुलाच्या नाही. तरी स्वतःचे चित्र काढताना सगळी तोच खडू उचलतात, आणि तो मोडला की भांडतात. हे आम्हा मोठ्या माणसांनीच शिकविलेले आहे.

आठ दिवसांनी मी त्या मुलाला उत्तर दिले. त्याला उभे केले नाही, त्याच्याजवळ गेलो. म्हटले, "अरे, टॉमच्या अंगात रक्त नाही, तो कागदाचा आहे, म्हणून त्याला बाहेरून लाल रंग लावावा लागतो. तुझ्या अंगात रक्त आहे. पुढच्या वेळी चिडलास की कानाला हात लावून पाहा." त्याने तेथेच कानाला हात लावला. कान गरम होते की नाही हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र निम्मा वर्ग भांडता भांडता मध्येच थांबून कान चाचपताना मला दिसला, आणि निम्मी भांडणे तेथेच हसण्यावारी गेली. ज्याने तो शब्द टाकला होता, तोही कान चाचपत होता.

त्यानंतर मी एक प्रयोग सुरू केला. रोज सकाळी हजेरीनंतर प्रत्येकाने वहीत एक वाटोळा चेहरा काढावयाचा आणि आज जसे वाटते तसा रंग भरावयाचा. रंगाचा अर्थ मी ठरविला नाही. ज्याचा त्याने ठरवावा, मी विचारले तर सांगावा, नाही तर न सांगावा. पहिले काही दिवस सगळे पिवळे. मोबाईलवर जे हसरे चेहरे येतात, त्यांचा हा परिणाम. 1999 साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी फोनसाठी 176 छोटी चित्रे केली होती, आज ती हजारोंनी झाली आहेत. रागाचा तांबडा चेहरा, मळमळीचा हिरवा, थंडीचा निळा अशी वाटणीही झाली आहे. मुलांना वाटले, मास्तरांना हसरा पिवळाच हवा असणार. मूल आधी आपल्याला काय आवडेल ते रंगविते. दोन आठवड्यांनी मग खरे रंग येऊ लागले.

एका मुलीने एके दिवशी अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा काळा रंगविला. मी घाईत होतो. म्हणालो, "एक काहीतरी ठरव, असे अर्धवट काम चालणार नाही." ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, अर्धवट नाही. काल आम्हाला बहीण झाली. पिवळी बाजू माझी. काळी घरच्यांची."

बंधुभगिनींनो, बी. एड. ला मानसशास्त्राचा पेपर असतो. मी तो उत्तीर्ण झालो आहे. परंतु त्या दिवशी माझा चेहरा गोरामोरा झाला. 2015 साली अमेरिकेत 'इनसाइड आउट' नावाचा कार्टूनपट निघाला. त्यात एका मुलीच्या डोक्यातील आनंद, दुःख, राग, भय आणि किळस ही पाच पात्रे आहेत, प्रत्येकाचा रंग ठरलेला. शेवटी तिची एक आठवण एकाच वेळी पिवळी आणि निळी अशी तयार होते, आणि त्या क्षणी ती मोठी होते. जे सांगण्यास त्या मंडळींना अख्खा चित्रपट लागला, ते आमच्या वडवणीच्या मुलीने दोन खडूंत सांगितले. फरक एवढाच की तिच्या चेहऱ्यावरचा काळा रंग तिचा नव्हता. तो मोठ्या माणसांनी तिला दिला होता.

आपण ज्या जिल्ह्यात राहतो त्याची एक गोष्ट आपण विसरू नये. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. साऱ्या महाराष्ट्रात हा आकडा सर्वांत खालचा होता. दहा वर्षांपूर्वी, 2001 साली, तो 894 होता. हे आकडे केवळ कागदावरचे नाहीत. कितीतरी घरांत कोणाचा तरी चेहरा काळवंडला, त्याची ही बेरीज आहे. आणि येथे बसलेल्या पुष्कळांना मी आठवण करून देण्याची गरज नाही की, मुलगी झाल्याची वार्ता ऐकून ज्याचा चेहरा काळा पडतो आणि जो लोकांपासून तोंड लपवीत फिरतो, त्या बापाचे चित्र कुरआन शरीफच्या सूरह नहलमध्ये आहे, आणि त्याच्या या वृत्तीची तेथे निंदा केली आहे. चेहऱ्याच्या बदलत्या रंगावरून माणसाच्या मनाचा निवाडा करणारे इतके जुने आणि इतके कठोर शब्दचित्र माझ्या वाचनात दुसरे नाही. आणि हा प्रश्न एका समाजाचा नाही. काळवंडलेले चेहरे आपल्या जिल्ह्यातल्या सर्व गल्ल्यांत आहेत.

आपण म्हणाल, चेहऱ्याचे काय एवढे! बोललो तर नाही ना काही! 1970 च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आईने तान्ह्या बाळाशी आधी हसत-खेळत राहावयाचे, मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवावयाचा. रागवावयाचे नाही, बोलावयाचे नाही. बाळे आधी हसून, हातवारे करून आईला परत आणण्याचा प्रयत्न करीत, आणि जमले नाही की तोंड फिरवून घेत, रडू लागत. तान्हे मूल चेहरा वाचते, आणि वाचल्यावर विसरत नाही असे समजूनच आपण वागावे. टॉम, डोरेमॉन हे सारे नंतर येतात. मुलाने पाहिलेले पहिले हलते चित्र म्हणजे आईबापाचा चेहरा. त्याला बंद करण्याचे बटण नसते.

मुंबईचे राम मोहन हे आपल्या देशातील कार्टूनपटांचे एक आद्य कलावंत. त्यांनी 1990 च्या दशकात युनिसेफसाठी 'मीना' नावाच्या मुलीची कार्टूने केली. एका गोष्टीत मीनाच्या घरी आंबा येतो आणि भावाला मोठा वाटा, तिला लहान मिळतो. मीना विचारते, असे का? मी ती गोष्ट वर्गात दाखविली. संपल्यावर मुले काही बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वह्यांत मात्र बरेच चेहरे तांबडे होते, त्यात मुलग्यांचेही होते. ते तांबडे पाहून मला बरे वाटले.

आता पालकांना माझी विनंती. कार्टून बंद करा, असे मी म्हणणार नाही. किती वेळ पाहावे याचा नियम घरोघरी ठरवा आणि तो पाळा. परंतु आठवड्यातून एकदा मुलाजवळ बसून ते काय पाहते ते पाहा, आणि विचारा, "हा लाल का झाला? तू कधी होतोस?" एवढ्या एका प्रश्नावर मुले जे बोलतात, ते ऐकून तुम्ही चकित व्हाल. सरड्यासारखे रंग बदलतो, असे आपण लबाड माणसाला म्हणतो. मुलाच्या चेहऱ्याचा रंग बदलणे मात्र लबाडी नव्हे, तो त्याचा खरेपणा आहे. तो दिसेनासा झाला तर काळजी करा.

शिक्षक मित्रांना सांगणे एवढेच की सावळ्या चेहऱ्यावर लाली शोधू नका, जवळ जाऊन विचारा. आणि वर्गात कोणी रंगावरून शब्द टाकला तर नुसते दटावून पुढे जाऊ नका. मी तसे केले होते, त्याची मला अजून लाज वाटते. त्यावर थांबा. धडा उद्या घेता येतो.

त्या मुलीची बहीण आता चालू लागली आहे. मध्यंतरी तिचे वडील तिला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकापाशी थोरलीला नेण्यासाठी आले होते. मूल त्यांची मिशी ओढत होते आणि ते ओढू देत होते. थोरलीने माझ्याकडे पाहिले, बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशीच्या वहीत पूर्ण चेहरा पिवळा होता. मी त्याखाली तारीख घातली आणि सही केली.